छत्रीखाली शिरणारा कॅमेरा: रानअळिंबीसाठी ऑलिम्पस टफ टीजी-६

पानगळीच्या जंगलात शरद ऋतूत खाण्याजोग्या अळिंब्या शोधणाऱ्याने कॅमेरा निवडताना छत्रीची खालची बाजू आणि देठाचा तळ तो स्पष्ट टिपतो का, हे सर्वांत आधी पाहावे. वरून घेतलेले छायाचित्र कितीही देखणे असले, तरी अळिंबीची ओळख पटवताना त्याचा उपयोग फार थोडा होतो. २०१९ साली आलेला ऑलिम्पसचा टफ टीजी-६ या बाबतीत मला समाधानकारक वाटला.

त्याचे मुख्य बळ म्हणजे मायक्रोस्कोप मोड. या मोडमध्ये भिंगापासून अवघ्या १ सेंटिमीटरवरची वस्तूही स्पष्ट दिसते. झूम करतानाही भिंग बाहेर येत नाही आणि कॅमेरा खिशात मावेल एवढाच असल्यामुळे, थोड्या उंच देठाच्या अळिंबीच्या छत्रीखाली तो अळिंबी न उपटता सरकवता येतो. मोठा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स यांची चित्रे निःसंशय अधिक सरस असतात, पण तो जामानिमा छत्रीखाली जात नाही. शँटरेल या खाण्याजोग्या अळिंबीचे उदाहरण घ्या. तिच्या छत्रीखाली खरे गिल्स (छत्रीखालचे पातळ पडदे) नसतात, तर बोथट कडांच्या, फाटे फुटलेल्या घड्या देठावर उतरत गेलेल्या असतात. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या खोट्या शँटरेलला मात्र पातळ, दाट आणि मऊ गिल्स असतात. हा फरक वरून दिसतच नाही. इतक्या जवळून फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी, जेमतेम काही मिलिमीटर उरते. तेथे वेगवेगळ्या फोकसची चित्रे कॅमेऱ्यातच एकत्र करणारे फोकस स्टॅकिंग कामी येते. कॅमेरा स्थिर हवा आणि वारा पडलेला हवा, एवढे पथ्य पाळावे लागते.

रंगांच्या बाबतीत मात्र स्वयंचलित व्हाइट बॅलन्सवर (उजेडानुसार रंग जुळवणाऱ्या सोयीवर) विसंबू नये, कारण पिवळ्या पानांतून झिरपणारा उजेड सर्वच छटा बदलून टाकतो. पोर्सिनी या खाण्याजोग्या अळिंबीच्या देठावरची फिकट जाळी आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या कडू बोलेटची गडद जाळी, तसेच वाढलेल्या कडू बोलेटच्या छत्रीखालील छिद्रांवर येणारी गुलाबी झाक, ही ओळखीची महत्त्वाची लक्षणे आहेत. म्हणून राखाडी कार्डावर व्हाइट बॅलन्स आधी ठरवून घ्यावा. भिंगाभोवती बसणारे एलजी-१ हे साधन वेगळे घ्यावे लागते, पण कॅमेऱ्याच्याच एलईडीचा उजेड ते सभोवार पसरवते आणि छत्रीखालचा अंधार दूर करते.

कोणत्याही कॅमेऱ्याची एक मर्यादा येथे निक्षून सांगायला हवी. डेथ कॅप या प्राणघातक अळिंबीच्या देठाचा तळ पिशवीसारख्या आवरणात असतो आणि ते बहुधा पालापाचोळ्याखाली दडलेले असते. माती हलकेच बाजूला केल्याशिवाय ते चित्रात येत नाही. तिच्यातील अ‍ॅमाटॉक्सिन शिजवूनही नष्ट होत नाही. वास आणि छत्रीतून कागदावर गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा छायाचित्रात उतरत नाहीत, तेव्हा केवळ छायाचित्राच्या आधारावर कोणतीही अळिंबी खाऊ नये. देठाच्या तळासकट काढलेला नमुना जाणकाराला दाखवावा.

कॅमेऱ्याचा सेन्सर १/२.३ इंचाचा, १२ मेगापिक्सेलचा आहे, त्यामुळे दाट सावलीत आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवल्यास बारीक तपशील पुसट होतात. १५ मीटर खोल पाण्यात टिकणारी बांधणी असल्याने ओल्या शेवाळावर तो निर्धास्तपणे ठेवता येतो. मात्र मागचा पडदा वळत नाही, म्हणून जमिनीलगतची चौकट पाहण्यासाठी वाय-फायने फोन जोडणे हाच सोयीचा मार्ग आहे, आणि त्यासाठी राखीव बॅटरी जवळ असावी.