जुनी पोस्टरं, हँडबिलं आणि गाण्यांच्या पुस्तिका पॉलिएस्टरमध्ये: अख्खा पावसाळा काढल्यावर

पद्धत अशी: कागद दोन पारदर्शक फिल्मच्या मध्ये सुटा ठेवायचा आणि फिल्मच्या कडा टेपने बंद करून त्याचं पाकीट करायचं. वापरलेलं सामान असं: कसलाही लेप नसलेली मेलिनेक्स ५१६ पॉलिएस्टर फिल्म, ७५ आणि १०० मायक्रॉनची, थ्रीएम ४१५ ही दोन्ही बाजूंनी चिकटणारी पाव इंची टेप, बफर केलेला, म्हणजे किंचित अल्कधर्मी, पातळ कागद, आणि कोपरे गोल कापायचा पंच. आत ठेवला तो सिनेमाचा कागद: ३० बाय ४० इंची पोस्टरं, थिएटरबाहेर वाटली जायची ती पातळ रंगीत हँडबिलं, गाण्यांच्या पुस्तिका. हवा मुंबईची. बहुतेक पाकिटं फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद केली होती, थोडी मुद्दाम जूनच्या सरींत.

निकाल आधीच सांगायचा तर: सुट्या, सपाट, छापील कागदाला याच्यासारखं दुसरं काही नाही. पुस्तिकांना ते अर्धवटच जमतं. शो-कार्ड (फोटो चिकटवून हाताने रंगवलेले जाहिरातीचे पुठ्ठे) आणि फोटोंना मात्र अजिबात नको.

पहिली गोष्ट, हे लॅमिनेशन नव्हे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे होतं ते लॅमिनेशन गरम गोंदाने कागदात शिरतं आणि परत निघत नाही. तसं केलेलं पोस्टर संग्रहाच्या दृष्टीने संपलं. इथे कागद दोन फिल्मच्या मध्ये सुटा राहतो, त्याला काहीच चिकटत नाही. हवं तेव्हा कड कापून तो जसाच्या तसा बाहेर काढता येतो.

फिल्म घेताना फसगत फार होते. ‘मायलर’ हे पॉलिएस्टर फिल्मचंच एक व्यापारी नाव, पण त्या नावाखाली काहीही विकलं जातं. पीव्हीसी असेल तर तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर झिरपतो, शाई उचलून घेतो, आणि प्लास्टिक जुनं झालं की आम्ल सुटतं. तपासणी सोपी आहे. तुकडा पाण्यात टाका: पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पॉलिएस्टर आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. मग तांब्याची तार गॅसवर लाल करून त्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे खिडकीजवळ करा, धूर वाईट असतो.

आता कृती. खाली आलेख कागद, त्यावर फिल्म; ती पोस्टरपेक्षा चारही बाजूंनी २५ मिलिमीटर मोठी. तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसली की धूळ जाते आणि स्थितिक विजेचा भारही येतो, तोच पुढे कागद धरून ठेवतो. पोस्टर आधी मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडून घ्यावं. टेप लावताना कागदाच्या कडेपासून किमान ३ मिलिमीटर जागा सोडायची. मोठ्या पोस्टरला ५ ते ६ सोडलेली बरी, कारण दमट हवेत कागद फुगतो आणि फिल्म फुगत नाही; जागा कमी पडली की कागदाला लाटा येतात. चारही कोपऱ्यांत टेपच्या दोन टोकांमध्ये २ मिलिमीटर फट ठेवा, हवा तिथून निघते. वरची फिल्म ठेवून मध्ये वजन, हवा बाहेर दाबत एकेका बाजूचा टेपवरचा कागद ओढायचा, रोलर फिरवायचा. शेवटी कोपरे गोल करा. पॉलिएस्टरचा टोकदार कोपरा शेजारच्या पाकिटाला ओरखडे काढतो, बोटालाही सोडत नाही.

३० बाय ४० च्या पोस्टरला १०० मायक्रॉनची दोन पानं लागली की पाव किलोच्या आसपास वजन वाढतं. वीस पोस्टरांचा ड्रॉवर पाच किलोने जड होतो, हे कपाट घेण्याआधी मोजा. हँडबिलाला ७५ पुरते.

बफर कागद टाळू नका. जुन्या सिनेमाचा बराचसा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, लाकडाच्या लगद्याचा. तो स्वतःच आम्ल सोडत असतो. मोकळ्यावर त्यातलं काही उडून जातं. बंद पाकिटात तिथेच कोंडतं आणि कागद उलट लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून पोस्टरमागे, आकाराने तेवढाच किंवा जरा लहान, बफर कागद. अर्थात मागची बाजू झाकली जाते, त्यामुळे तिथे शिक्के किंवा छपाई असेल तर आधी फोटो काढून ठेवा. गुलाबी-हिरव्या हँडबिलांना बफर लावू नये. त्यांचा रंग अल्कधर्मी स्पर्शाने बदलू शकतो.

पावसाळ्यात काय दिसलं? मार्चमध्ये बंद केलेली पोस्टरं सपाट राहिली. जूनमधली लाटा घेऊन बसली, एकावर घडीच्या रेषेत बुरशीचे ठिपके आले. कारण उघड आहे: ५० टक्के आर्द्रतेला कागदात साधारण ६-७ टक्के पाणी असतं, ८० टक्क्यांना ते १० च्या आसपास जातं, आणि फिल्म लावली की ते आतच अडकतं. पाकीट बाहेरचा थेंब अडवतं, आतला बाहेर सोडत नाही. बाहेर ओल शोषणारी सिलिका ठेवून उपयोग होतो तो फार सावकाश, कोपऱ्यांच्या फटींतून. त्यामुळे कोकण-मुंबईत हे काम जानेवारी ते मार्च. विदर्भात मेमध्ये उलटा त्रास: कोरडा ठक्क कागद घडीवर तुटतो, तिथे ते काम पावसाळा सरल्यावर करावं.

दुसरी तक्रार सरकण्याची. स्थितिक भार दमट हवेत ओसरतो. पोस्टर मोठं म्हणून टिकतं, पण हँडबिल हळूहळू घसरत टेपपर्यंत जातं आणि कड चिकटते. कुठल्याही चिकट टेपचा गोंद उकाड्यात थोडा पसरतोच. लहान मालासाठी म्हणूनच टेप नको. लगतच्या दोन कडा वितळवून जोडलेली एल आकाराची पाकिटं घ्या आणि बंद कडा खाली ठेवा.

पुस्तिकांना चारही बाजू बंद करणं चुकीचंच. गंजकी पिन आधी काढावी लागते: ओढून नव्हे, मागची दोन्ही टोकं पातळ बोथट पातीने सरळ करून एकेक उचलायची. त्याच भोकांतून सुती दोरा घाला. मग एल पाकीट, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. फाटलेल्या पानाला सेलोटेप नाही. जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. जुने बाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालत, कसर लागू नये म्हणून. कसर लागत नाही हे खरं, पण तांबं कागद खातं. इथे साधी ताजी खळच हवी. कसरीसाठी कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवा, कागदाला टेकणार नाही अशी. डांबरगोळ्या मात्र नकोत.

शो-कार्डांवर फोटो चिकटवून वर हाताने रंग दिलेला असतो. फिल्मचा स्थितिक भार सैल रंग उचलून घेतो. चकचकीत फोटोंवरचा जिलेटिनचा थर दमटपणात फिल्मला चिकटतो आणि उचकटताना डाग पडतात. त्यांना कागदी पाकीट, नाहीतर खिडकी कापलेला पुठ्ठा.

बंद पोस्टर गुंडाळू नका, टेप सरकते. भिंतीवर लावलं तर ही फिल्म उन्हाला थांबवत नाही, रंग उडणारच. आणि विकत घेताना आधीच फिल्ममध्ये बंद असलेलं पोस्टर समोर आलं तर ते उघडून दाखवायला सांगा: चोरबाजारात नवं पुनर्मुद्रण असंच खपतं, आणि बोटाला कागद लागल्याशिवाय ते कळत नाही. दहापट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली आणि विक्रेता जुना लिथो, म्हणजे दगडावरून छापलेला, म्हणत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

उघडताना पातं टेप आणि कागद यांच्यामधल्या त्या मोकळ्या ३ मिलिमीटरमधून चालवायचं, पट्टी कागदाच्या बाजूला दाबून.