ट्रेंड सांगणारी सेवा, अकरा महिन्यांनंतर: टक्के दाखवते, मूळ आकडा दाखवत नाही

परवा नूतनीकरणाचा मेल आला. पैसे आपोआप कापले जाण्याआधी बसून हिशेब केला, आणि त्यातूनच हे लिहितेय. सोशल मीडियावरच्या पोस्ट वाचून पुढे कशाला मागणी येईल ते सांगणारी ही सेवा मी अकरा महिने जवळपास रोज उघडली. आपण दिलेले शब्द किती पोस्टमध्ये आले ते ती मोजते आणि वाढ-घट बाणाने दाखवते. आम्ही बहीण-भाऊ ऑनलाइन बॅगा विकतो. माल तीन महिने आधी सांगून ठेवावा लागतो, त्यामुळे पुढचं थोडं जरी कळलं तरी आम्हाला हवंच होतं.

दुसऱ्याच महिन्यात फिकट जांभळ्या सॅकसमोर हिरवा बाण आला: ३४० टक्के वाढ. आम्ही नेहमीच्या दुप्पट माल मागवला. त्यातला बराच अजून तसाच पडलाय. शेवटी भावाने कच्ची फाइल, म्हणजे मोजलेल्या पोस्टची मूळ यादी, उतरवून घेतली (हा पर्याय सेटिंगमध्ये बराच आत आहे, पण शोधाच) आणि एकेक पोस्ट वाचायला बसला. आधीच्या आठवड्यात ५ पोस्ट, त्या आठवड्यात २२. झाले ३४० टक्के. मग म्हणाला, "ताई, या बाविसातल्या चौदा एकाच बक्षीस योजनेच्या आहेत. पोस्ट शेअर करा, सॅक जिंका." उरल्या आठ. त्यातल्या तिघांना तो रंग अजिबात आवडला नव्हता. राहिल्या पाच, म्हणजे आधीच्या आठवड्याइतक्याच.

माझं सगळं भांडण इथेच आहे. बाणाशेजारी "५ वरून २२" एवढं छापलं असतं तर मी एक सॅकही जास्त मागवली नसती. लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स फुकट आहे. तेही शोधांची खरी संख्या देत नाही, ० ते १०० असं तुलनेचं मापच देतं, पण तसं ते स्वतःच सांगतं. एखाद्या शब्दापुढे 'ब्रेकआउट' आलं तर वाढ ५००० टक्क्यांहून जास्त आहे आणि बहुधा आधी तो शब्द फारसा शोधलाच जात नव्हता, असा खुलासाही तिथे आहे. फुकटात जे मिळतं ते पैसे मोजून का मिळू नये? सेवेच्या कंपनीला चार मेल केले. पहिलं उत्तर आलं की अंदाज बांधणारं मॉडेल लाखो पोस्टवर शिकलेलं आहे. शेवटचं आलं की मागणी संबंधित टीमकडे पोचवली आहे. त्याला सात महिने झाले.

विकत घेताना डेमोमध्ये एका संशोधनाचा हवाला दिला होता. एचपी लॅब्ज या एचपी कंपनीच्या संशोधन विभागातल्या सिताराम असूर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी २०१० मध्ये २४ चित्रपटांवरची सुमारे २९ लाख ट्वीट मोजून कमाईचा अंदाज बांधला होता, आणि तो चांगला जमलाही होता. मी भारावले. आता कळतं की चित्रपटाला एक नाव असतं, प्रदर्शनाची तारीख असते, आणि बोलणारा माणूस त्याच आठवड्यात तिकीट काढतो. बॅगेचं तसं नाही. कोणी सॅक म्हणतं, कोणी बॅकपॅक, कोणी नुसतं बॅग. फोटोला हृदय देणारी व्यक्ती वेगळी, विकत घेणारी वेगळी, आणि मध्ये कितीतरी महिने.

शोधता शोधता गूगलच्या फ्लूच्या अंदाजाची गोष्ट वाचली. २००८ मध्ये सुरू झालेली ही सेवा लोकांच्या शोधांवरून तापाची साथ सांगायची. २०१४ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकातल्या लेखात दिसलं की ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे तिचा अंदाज जास्तच होता. सरकारी नोंदींचे दोन-तीन आठवडे जुने आकडे घेऊन केलेला साधा अंदाजही तिच्यापेक्षा बरा निघत होता. २०१५ मध्ये ती बंद झाली. हे वाचलं आणि आमच्याच विक्रीची वही काढली. मागच्या वर्षीचा तोच महिना आणि गेल्या तीन आठवड्यांची सरासरी, बस. चार महिने दोन्ही अंदाज शेजारी शेजारी लिहिले. आमच्या दहा मुख्य वस्तूंपैकी आठमध्ये वही जास्त जवळ निघाली.

इथवर लिहून मी एक तारा देणार होते. पण पाचव्या महिन्यात जे घडलं तेही सांगायलाच हवं. तक्रारींच्या रकान्यात 'चेन अडकते' हे शब्द सारखे येत होते, इतरांच्या बॅगांबद्दल. आम्ही दोघांनी बसून त्या पोस्ट वाचल्या. जवळपास सगळ्यांचा त्रास एकच होता: वळणावर अस्तराचं कापड चेनच्या दातांत जातं. आमची बॅग उघडून पाहिली, तिथेही तेच. शिवणाऱ्यांना अस्तर बोटभर मागे घ्यायला सांगितलं, आणि परत येणाऱ्या बॅगा स्पष्ट कमी झाल्या. याचं मोल मोठं आहे. तसंच "कुठे मिळेल?" असं विचारणाऱ्या पोस्ट वेगळ्या मोजायला लागलो, तर त्या वाढल्या की दोन-तीन आठवड्यांत विक्री हलते असं दिसलं. म्हणून तीन तारे. ऐकण्यासाठी ही सेवा खरंच चांगली आहे, भाकितासाठी नाही.

एक सावधगिरी. ट्विटरने २०२३ मध्ये फुकट डेटा बंद केला, फेसबुकवाल्या मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये सार्वजनिक पोस्टवर नजर ठेवायचं क्राउडटँगल हे साधन बंद केलं. अशा सेवांचे स्रोत असे आटतात. आमचाही आलेख एका रात्रीत निम्म्यावर आला आणि समोर 'मागणी घटली' असा लाल बाण. प्रत्यक्षात एक स्रोत तुटला होता. विक्री जिथल्या तिथे होती.

वर्षाची वर्गणी बंद केलीय. माल सांगायच्या आधीचे दोन महिने मासिक योजना घेणार, तेही तक्रारी वाचायला. रद्द करणाऱ्यांनी नुसतं बटण दाबून थांबू नका, मेल करा आणि उत्तर जपून ठेवा; माझं पहिलं रद्द करणं त्यांच्याकडे नोंदलंच गेलं नव्हतं. ज्या दिवशी बाणाशेजारी मूळ आकडा येईल, त्या दिवशी वर्षाचे पैसे पुन्हा भरेन. तसं त्यांना लिहून दिलंय.