नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: इंजिन गप्प झालं, शेजारचा नाही

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण माझी तक्रार एका मॉडेलबद्दल नाहीच, कान पूर्ण झाकणारे जे मोठे हेडफोन येतात त्या सगळ्यांबद्दल आहे. आणि तक्रार तरी कसली, वस्तू चांगलीये. फक्त आपण ज्या कामासाठी ती घेतो ना, नेमकं तेच काम तिला जमत नाही.

काम काय, तर प्रवासात शेजारी बसलेला माणूस. फोन स्पीकरवर, रील्स एकामागून एक, अर्धं गाणं मग कोणीतरी खदाखदा हसतंय मग परत तेच अर्धं गाणं, आणि "जरा आवाज कमी करता का" म्हटलं की असा बघतो जणू आपण त्याच्या घरात शिरून टीव्ही बंद केलाय. रोज सकाळी हे बोलायची ताकद कोणात असते, म्हणून माणूस गपचूप हेडफोन विकत घेतो. जाहिरातीतही तेच दाखवतात, बटण दाबलं की अख्खी गर्दी म्यूट.

पहिल्यांदा ऑन केल्यावर खरंच भारी वाटतं हां. इंजिनाची घरघर, एसी, पंखा सगळं एकदम खाली बसतं. आणि मग थोड्या वेळाने कळतं की त्या घरघरीने बरंच काही झाकून ठेवलं होतं, आता मागच्या सीटवरचं घरमालकाशी चाललेलं भांडण आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतंय, डिपॉझिटच्या आकड्यासकट.

ह्यात फसवणूक नाहीये, ती टेक्नॉलॉजीच तशी आहे. हेडफोनचे माइक बाहेरचा आवाज पकडतात आणि आत त्याच्या बरोब्बर उलटी लाट सोडली जाते, दोन्ही एकमेकींना मारतात. आयडिया जुनीये, पॉल ल्युएगचं अमेरिकन पेटंट १९३६ चं आहे, पण बाजारात वापरण्यासारखे हेडसेट १९८९ च्या सुमारास आले ते पायलट लोकांसाठी. म्हणजे समोर होतं विमानाचं इंजिन, तासन्‌तास एकाच सुरात चालणारं. असा सलग आणि साधारण १००० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे जाड, खर्जातला आवाज हे मस्त कापतात. पण बोलणं सलग नसतं, आणि शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, स, ट, च वगैरे, ते सगळं त्याच्या वरच्या पट्टीत. तिथे लाटबिट काही कामाची नाही, कानावरची गादी जेवढं अडवेल तेवढंच. आणि चष्मा असेल तर दांडीमुळे गादीला फट पडते, तिथून आवाज आत. मला चष्मा आहे, त्यामुळे हा मुद्दा जरा जास्तच लागला.

बरं फोनवरचं बोलणं इतकं का टोचतं ह्यावर २०१० साली एक अभ्यास छापून आला होता, दोन्ही बाजू ऐकू येणाऱ्या गप्पांपेक्षा एकच बाजू ऐकू आली की लक्ष जास्त विचलित होतं असं त्यात दिसलं, कारण पुढचं वाक्य काय येणार हे डोक्याला आधी ओळखता येत नाही. तर आता गंमत बघा, हेडफोनने घरघर काढून टाकली आणि तेवढी अर्धी बाजू मला स्वच्छ करून दिली. वर गाणं लावून ते दाबायला गेलं तर व्हॉल्यूम वाढवावा लागतो, मग शांततेसाठी पैसे दिले कशाला?

उपाय सापडलाय, आत साधे फोमचे इअरप्लग आणि वरून हेडफोन. प्लग वरच्या पट्टीतला आवाज अडवतात, हेडफोन खालच्या. दिसायला येडचाप दिसतं असंही नाही, बाहेरून कळतच नाही. पण प्लग नीट पिळून, कान वर ओढून आत घातले तरच, नुसते टेकवून उपयोग शून्य. आणि रस्त्यावर चालताना हे अजिबात नको, हॉर्न ऐकू आला पाहिजे.

आता दुसरी बाजू, आपण स्वतः. हेडफोन घालून बोलताना आपला आवाज आपल्याला नीट येत नाही त्यामुळे आपण ओरडतो. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो हे लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच लिहून ठेवलंय, कानात गाणं असलं की तेच होतं, फक्त गोंगाट आपल्या एकट्याच्या कानात असतो आणि ओरडणं सगळ्यांना ऐकावं लागतं. म्हणजे ज्याच्यापासून पळालो तोच आपण झालो. कॉल असेल तर मी सरळ काढून ठेवते.

ट्रान्सपरन्सी मोड मात्र एक नंबर, बाहेरचं सगळं आत येतं, अनाउन्समेंट चुकत नाही. पण काउंटरवर हा मोड लावून बोलू नका प्लीज. मला ऐकू येतंय हे मला माहितीये, समोरच्याला कसं कळणार, त्याला फक्त कान झाकलेला माणूस दिसतो आणि तो बिचारा एकच गोष्ट तीनदा सांगतो. गळ्यात घ्यायला एक सेकंद लागतो.

बॅटरी छान, दिवसभर टिकते. उन्हाळ्यात कान घामाने भिजतात. वारा असेल तर माइकमध्ये फडफड होते.

आणि ज्या फीचरचा बॉक्सवर उल्लेखच नाही ते सगळ्यात भारी: हे मोठे असतात आणि लांबून दिसतात. ऑफिसमध्ये काहीही न लावता नुसते घालून बसलं तरी "एक मिनिट हां" म्हणून येणाऱ्यातले निम्मे लोक मागे फिरतात. इअरबड्समध्ये हे होत नाही, केसांखाली दिसतच नाहीत. उरलेले निम्मे खांद्यावर टकटक करतात, त्यांच्यावर अजून कोणी काही बनवलेलं नाही.

तीन स्टार. विमानाने किंवा लांबच्या बसने खूप फिरत असाल तर चार समजा. घ्यायला जाल तेव्हा चष्मा घालून ट्राय करा, आणि दुकानात गाणं लावून चेक करू नका, गाणं बंद ठेवून सोबतच्या माणसाला शेजारी उभं राहून फोनवर बोलायला सांगा.