प्रथमोपचाराची पेटी

लेकीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने स्टॉकहोममध्ये होते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात तिथं दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. बाळ झोपलं, लेक झोपली, डिंकाचे लाडूही वळून झाले, की पुढं करायचं काय? जावयानं जुन्या बाजारातून (त्याला तिथं लोप्पिस म्हणतात) आणलेल्या तबकड्यांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. त्यातली एक वर काढून म्हणाला, "आई, ही ऐका. या आपल्या बाजूच्याच मुली आहेत."

आपल्या बाजूच्या म्हणजे एनशेडेच्या. स्टॉकहोमच्या दक्षिणेचं ते उपनगर, लेकीच्या घरापासून मेट्रोनं जवळच. लिहिताना त्यात 'स्क' असतो आणि म्हणताना 'श'. मी महिनाभर 'एनस्केडे' म्हणत होते, कुणी टोकलं नाही.

बँडचं नाव 'फर्स्ट एड किट'. धाकटीनं तेरा वर्षांची असताना शब्दकोश उघडून त्यातून ते उचललं म्हणे. प्रथमोपचार पेटी! मी साताऱ्यात आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते, टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून तर रोजच. तेव्हा नावाला मी तिथंच भुलले. प्रत्यक्षात यांच्याकडं पेटी नाही, पण स्वरमंडलाची एक बहीण आहे. ऑटोहार्प. तारा स्वरमंडलासारख्याच, वर दांड्या. दांडी दाबली की नको त्या तारा मुक्या होतात आणि हव्या तेवढ्याच एकत्र वाजतात. ती थोरली वाजवते.

थोरली योहाना, धाकटी क्लारा, आडनाव सॉडरबर्ग. सख्ख्या बहिणी. जावयानं वर काढलेली तबकडी म्हणजे त्यांचा पहिला अल्बम, 'द बिग ब्लॅक अँड द ब्लू'. तो जानेवारी २०१० मध्ये आला, तेव्हा थोरली एकोणीस वर्षांची आणि धाकटी सतरा. गाणी अकरा. ध्वनिमुद्रण घरातच, आणि ते सांभाळलं बापानं. बेंक्त सॉडरबर्ग एके काळी लोलिता पॉप नावाच्या स्वीडिश बँडमध्ये गिटार वाजवायचे. अल्बमच्या आधी, २००८ मध्ये, या दोघींनी जंगलात बसून फ्लीट फॉक्सेस या अमेरिकी बँडचं एक गाणं म्हटलं आणि यूट्यूबवर टाकलं. तेच जगभर फिरलं.

आता खरं सांगते. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, दोघींतली एक घसरली. 'इन द मॉर्निंग'च्या सुरुवातीला वाद्यं नाहीत, नुसते दोन गळे. आमच्या मंडळात अकरा जणी असतात आणि अकराही जणींनी एकाच सुरावर यायचं हा नियम. जी वेगळ्या सुरावर जाईल तिच्याकडं मी पेटीवरून डोळे वटारते. चाळीस वर्षं असं ऐकलेल्या कानाला दोन बायका एकाच वेळी दोन वेगळे सूर लावतात आणि कुणीच कुणाला थांबवत नाही, हे पचेना. जावई म्हणाला, "आई, ती हार्मनी आहे." हार्मनी शब्द मलाही माहीत आहे हो. पण माहीत असणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं.

मग मी काय केलं, बाळाला भेट आलेला खेळण्यातला पियानो घेऊन बसले. एवढ्याएवढ्या पट्ट्या, आवाज मांजरासारखा. क्लाराची चाल सहज सापडली, कारण पुढं तीच गाते. योहानाची सापडेना. एका ओळीत 'सा'ला 'ग' धरावा तर पुढच्या ओळीत ती तिथं नसायचीच. कधी वर, कधी खाली, कधी एकाच जागी उभी राहून बहिणीला पुढं जाऊ देणारी. तीन दिवस मी त्या एका आवाजाच्या मागं होते. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, तू स्वयंपाकघरात दुसरीचंच गुणगुणतेयस." तेव्हा मला हा अल्बम कळला. ऐकणारे बहुतेक क्लाराचं कौतुक करतील, आवाज तिचा धारदार आहेच. पण हा अल्बम उभा आहे तो योहानावर. ती काढून टाका, गिटार घेऊन गाणारी एक गुणी मुलगी उरेल.

ही गाण्याची तऱ्हा मूळची स्वीडनची नाही, ती अमेरिकेतल्या लोकगाण्याची आणि कंट्री संगीताची. क्लारा बारा वर्षांची असताना तिच्या कानावर ब्राइट आइज हा अमेरिकी बँड पडला. तिथून मागंमागं जात ती बॉब डिलन आणि कार्टर फॅमिलीपर्यंत पोचली. कार्टर फॅमिलीची गोष्ट मला जावयानं सांगितली आणि मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. ऑगस्ट १९२७ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी तिघांनी पहिली गाणी मुद्रित केली. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि मेबेल. सारा ऑटोहार्पवर, मेबेल गिटारवर. या दोघी मावसबहिणी, आणि मेबेलनं ए. पी.च्या भावाशी लग्न केलेलं. म्हणजे जावाजावाही! कंट्री संगीताच्या मुळाशी जावाजावांचं गाणं आहे हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी इतकी वर्षं त्याला घोड्यावरच्या पुरुषांचं गाणं समजले नसते.

शब्दांबद्दल लेकीचं आणि माझं पटलं नाही. तिचं म्हणणं, एवढ्याशा पोरी, आणि गाण्यांत सगळी थकलेली, जग बघून बसलेली माणसं. हे दुःख उसनं आहे. मी म्हटलं, अगं, भोंडल्याला आठव्या वर्षी तू फेर धरून सासूचं गाऱ्हाणं गायचीस, तेव्हा तुला कुठं सासू होती? मुली आधी गाणं शिकतात, अनुभव मागून येतो. तरीही तिचा मुद्दा पुरता खोटा नाही. काही ओळी फार जुन्या कपाटातून काढल्यासारख्या वाटतात. 'हार्ड बिलीव्हर' मात्र तसं नाही. त्यात ही पोरगी एका श्रद्धाळू माणसाला तोंडावर सांगते की तुझा धर्मग्रंथ तुला लखलाभ, मला त्यावाचून मोकळं वाटतं. मी रोज हरिपाठ म्हणणारी बाई. मला राग यायला हवा होता, पण आवाजात इतका सच्चेपणा आहे की मी तेच गाणं पुन्हा लावलं.

उणं काय? उत्तरार्धात दोन-तीन गाणी माझ्या कानाला एकसारखी लागली. ठेका फारच जपून आहे, जणू शेजारी झोपलेत. आमच्याकडं असता तर मृदंगवाल्यानं दोन ठिकाणी तरी हात मोकळा केला असता. 'आय मेट अप विथ द किंग' तेवढं अंगात येतं. घरच्या ध्वनिमुद्रणाचा फायदाही हाच आणि तोटाही हाच: श्वास ऐकू येतो, पण खोलीच्या भिंतीही ऐकू येतात. दुसरा अल्बम, 'द लायन्स रोअर', २०१२ चा. तो माइक मोगिसनं केला, म्हणजे ज्या ब्राइट आइजमुळं क्लाराचा नाद सुरू झाला त्याच बँडच्या माणसानं. तो भरलेला आहे, सफाईदार आहे. त्यातल्या 'एमिलू'मध्ये जून कार्टरचं नाव येतं, ती या मेबेलचीच लेक. नव्या माणसानं खरं तर तिथून सुरुवात करावी. पण मला पहिलाच जवळचा.

आणि एकच गाणं ऐकायचं असेल तर 'घोस्ट टाउन'. गिटार आणि दोन गळे. कार्यक्रमात दोघी माइक सोडून, नुसत्या गळ्यानं हे गायच्या. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, योहाना गायब होते. मी जावयाचे कानावर बसणारे मोठे हेडफोन लावून ऐकलं, मांडीवर बाळ.

साताऱ्याला परत आल्यावर एका गुरुवारी मंडळ उठल्यावर मी धाकट्या जावेला थांबवून घेतलं. म्हटलं, तू आपली नेहमीची चाल धर, मी खालून दुसरा सूर लावते. दोन ओळी कशाबशा झाल्या. ती थांबली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अक्का, प्रवासानं घसा बसलाय तुमचा. आलं-गूळ खा."