खुब्यातील प्लेट आणि स्क्रू : सात महिन्यांनंतरचा अनुभव

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) घागरी धुताना मोरीत पाय घसरला आणि माझ्या डाव्या खुब्याचे हाड मोडले. माझे वय 69, गाव अमळनेर. हाड सांध्याच्या आत नव्हे, तर त्याखाली, मांडीच्या बाजूला मोडलेले असल्यामुळे सांधा बदलण्याची गरज पडली नाही. दुसऱ्याच दिवशी कमरेत भूल देऊन प्लेट बसवण्यात आली.

घरी आल्यावर मी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिला. एक जाड स्क्रू थेट खुब्याच्या गोळ्यात गेलेला आहे, मांडीच्या हाडाला चार छोट्या स्क्रूंनी प्लेट आवळलेली आहे आणि त्या प्लेटला 135 अंशांच्या कोनात एक नळी आहे. जाड स्क्रू या नळीत घट्ट अडकवलेला नसतो. पायावर भार पडला की तो किंचित मागे सरकतो आणि मोडलेले तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन हाड जुळत जाते. हे समजल्यावर वॉकर धरून पाय टेकवण्याची माझी भीती निम्म्याने कमी झाली. डॉक्टरांनी तर मला तिसऱ्या दिवशीच उभे केले होते.

मात्र याच सरकण्यामुळे पाय थोडा आखूड होऊ शकतो, हे मला कोणीही आधी सांगितले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. दोन महिने मी लंगडण्याचा दोष स्वतःच्या व्यायामाला देत राहिले. शेवटी मोजल्यावर जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक निघाला. चांभाराकडून डाव्या चपलेला तेवढी टाच लावून घेतली आणि चाल सुधारली.

श्रावणात आमच्या खानदेशातील कानबाई देवीच्या विसर्जनाला मी काठी घेऊन बोरी नदीपर्यंत चालत गेले. डाव्या कुशीवर झोपले की प्लेटीच्या जागी अजून टोचते, आणि पंगतीत मांडी घालून बसणे मी सोडले आहे. किरकोळ घसरण्याने हाड मोडते म्हणजे ते आधीच ठिसूळ झालेले असते, त्यामुळे प्लेट बसवून उपचार संपत नाही. मला कॅल्शियम व ड जीवनसत्त्वासोबत हाडे बळकट करणारे, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शनही सुरू केले आहे. ते मी स्वतः विचारल्यावर सुरू झाले, म्हणून घरी परतण्यापूर्वीच ते विचारून घ्यावे.