सातबारा तुमचा, 'सेंद्रिय' कापूस भलत्याचाच

खरिपाच्या तोंडावर गावात गाडी येते. सेंद्रिय कापसाचा गट करतोय, क्विंटलमागे जादा भाव देऊ, तुम्ही फक्त सातबारा, आधारची झेरॉक्स अन् दोन-चार सह्या द्या. सह्या घेतात त्या कोऱ्या कागदावर. मग वर्षभर कोणी फिरकत नाही. वेचणीला भावाचं विचारलं की 'यंदा तुमचा माल बसला नाही.' तुमचा माल तपासलेलाच नसतो; तुमच्या नावावर दुसराच कापूस विकून झालेला असतो.

जालना, परभणी, बीड भागातल्या कापूस उत्पादकांनी यातली मेख नीट समजून घ्यावी. गटाचं प्रमाणपत्र खरं असू शकतं आणि तरीही माल खोटा असतो. बाहेरचा निरीक्षक गटातली निवडक शेतंच बघतो. बाकीच्यांची भिस्त गटाच्या अंतर्गत तपासणीवर, आणि फसव्या गटात ती खोलीत बसून होते. सगळ्यांच्या शेतडायऱ्या एकाच हाताने, एकाच पेनाने भरलेल्या. पेरणीची तारीखसुद्धा सगळ्यांची एकच!

हिशेब मांडून बघा. २ एकर जिरायती, एकरी ५ क्विंटल धरले तर १० क्विंटल कापूस. रुईचा (सरकी काढून उरलेल्या कापसाचा) उतारा ३४ टक्के, म्हणजे ३४० किलो रुई. १७० किलोच्या बरोबर २ गाठी. कागदावर तुमच्या नावे ४० क्विंटल दाखवले असतील, तर उरलेल्या ६ गाठी बाजारातल्या बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याच्या कापसाच्या. सेंद्रियमध्ये बीटी चालतच नाही.

हे फक्त गावपातळीवर होतं असं नाही. सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक चालवणाऱ्या गॉट्सनेच ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं, की भारतातला २०,००० टन कापूस बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांवर (विक्रीच्या मालासोबत जाणाऱ्या सेंद्रिय दाखल्यांवर) सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. ११ कंपन्यांवर बंदी आली. बीटी ओळखायची तर पानात किंवा सरकीतच ओळखावी: चुरडून पाण्यात कालवायचं, बीटी-तपासणीची पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघ उमटते. सूत झाल्यावर, त्यातही रंगवल्यावर, ते फार अवघड जातं. म्हणून तयार शर्टावरच्या शिक्क्यापेक्षा जिनिंगच्या (सरकी-रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) दारातली तपासणी आम्ही जास्त मानतो.

नाव आधीच दिलं असेल तर गटाकडे प्रमाणपत्रासोबतची शेतकरी-यादी मागा. त्यात आपला सातबाऱ्यावरचा गट नंबर, क्षेत्र, पीक आणि अंदाजे उत्पादन ताडून बघा. प्रमाणपत्राची मुदत एकच वर्ष असते, तेव्हा ही यादी दरवर्षी मागायची. आणि पहिल्याच वर्षी 'सेंद्रिय'चा भाव देतो म्हणणाऱ्याला उभं करू नका. कापसासारख्या हंगामी पिकाला साधारण २ वर्षांचा रूपांतर काळ (रासायनिकवरून सेंद्रियवर यायचा) लागतो. आकडा फुगलेला दिसला तर प्रमाणन संस्थेला आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेला लेखी कळवा, पोहोच घ्या.

अजून नाव दिलं नसेल तर कोऱ्यावर सही नको. करारनाम्याची प्रत हातात पडल्याशिवाय सातबारा सोडू नका. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून लिहा: 'फक्त अमुक गटाच्या नोंदणीसाठी', खाली तारीख आणि सही.