कामाच्या खोलीतली फुलांची भिंत: मापानुसार छापून मिळणाऱ्या नॉन-वोव्हन म्युरलचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. घरातल्या कामाच्या खोलीत एका भिंतीवर मोठ्या फुलांचं म्युरल, म्हणजे भिंतभर छापील चित्र, लावायचं असेल, तर मापानुसार छापलेलं, पट्ट्यांमध्ये येणारं नॉन-वोव्हन (न विणता, तंतू दाबून केलेल्या कागदाचं) म्युरल हाच प्रकार घ्यावा. मागचा कागद सोलून चिकटवायचं विनाइल (प्लास्टिकचा ताव) स्वस्त आणि सोपं वाटतं, पण आपल्याकडच्या पुट्टीच्या भिंतींवर ते फसतं. मात्र नॉन-वोव्हन घेतलं म्हणजे काम झालं असंही नाही. त्याचा कागद चांगला असतो. बिघडतं ते भिंतीच्या तयारीत आणि सांध्यांमध्ये, आणि गडद फुलांच्या चित्रात या दोन्ही चुका फिकट चित्रापेक्षा ठळक दिसतात.

परीक्षणासाठी एक नेहमीची भिंत धरू: १० फूट रुंद, ९ फूट उंच, समोर ३० इंच उंचीचं टेबल. चित्र आहे काळपट-हिरव्या पार्श्वभूमीवरच्या ताटाएवढ्या पिओनी, गुलाब आणि ट्यूलिपचं. सध्या बहुतेक विक्रेत्यांच्या यादीत सापडणारी ही शैली सतराव्या-अठराव्या शतकातल्या डच पुष्पचित्रांवरून आली आहे. राखेल राउस (१६६४–१७५०) ही त्या परंपरेतली मोठी चित्रकार. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइल मोफत खुल्या केल्या आहेत, त्यामुळे मूळ चित्रावरूनही म्युरल छापून घेता येतं. अडचण एवढीच की ती चित्रं फुलदाणीची, म्हणजे उभी. आपली भिंत आडवी. कापून आडवी केली की फुलदाणी जाते आणि मधला गुच्छ तेवढा उरतो. तो बहुधा छानच दिसतो. पण हात-दोन हात उंचीचं तैलचित्र १० फुटांवर नेल्यावर रंगातले बारीक तडेही त्याच पटीत मोठे होतात. कुणाला ते आवडतात, कुणाला भिंतच तडकल्यासारखी वाटते. छापण्याआधी ठरवा.

माप आणि फाइल

रुंदी तीन ठिकाणी मोजा: छताजवळ, मधोमध आणि स्कर्टिंगच्या वर. उंचीही तीन ठिकाणी. आपल्या घरांत या तीन मापांत अर्ध्या इंचाचा फरक सर्रास निघतो. सर्वांत मोठं माप धरून चारही बाजूंनी २ इंच जास्त मागा. म्हणजे आपल्या भिंतीसाठी १२४ इंच बाय ११२ इंच, सुमारे ९६ चौरस फूट. २५ इंची पट्टी असेल तर पाच पट्ट्या. काही विक्रेते नेमक्या ९० चौरस फुटांचंच बिल करतात आणि तेवढंच छापतात. ते स्वस्त नव्हे. छताची पीओपीची कड जरा वाकडी असली की वर पांढरी पाचर उघडी पडते आणि ती झाकायला हातात काहीच नसतं.

छपाईची फाइल प्रत्यक्ष आकारात निदान १०० डीपीआय (इंचाला १०० ठिपके) हवी. आपल्या भिंतीचा हिशोब १२,४०० बाय ११,२०० पिक्सेल. इंटरनेटवरून उतरवलेलं १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र याच भिंतीवर साडेपंधरा डीपीआयवर येतं. बसायच्या खोलीत ते दहा फुटांवरून खपेलही. कामाच्या खोलीत माणूस भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर दिवसभर बसतो, तिथे पाकळ्यांच्या कडा चौकोनी दिसतात. विक्रेत्याकडून चित्राच्या कुठल्याही एका फुलाचा ए-फोर आकाराचा, प्रत्यक्ष मापातला छापील नमुना मागून घ्या. तो द्यायला खळखळ करणारा विक्रेता तिथेच सोडा.

आता टेबलाचा मुद्दा, ज्याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. तयार चित्रांमध्ये फुलांची दाटी बहुधा खालच्या भागात असते आणि वर विरळ पानं, थोडं रिकामं आभाळ. दुकानातल्या रिकाम्या भिंतीवर ते देखणं दिसतं. टेबल भिंतीला लावलं की खालचे ३० इंच झाकले जातात, त्यावर मॉनिटर आला की आणखी २० इंच. पैसे ज्या फुलांचे मोजले ती टेबलाखाली वायरींच्या सोबतीला. म्हणून डिझाइन मंजूर करताना त्याच मापात टेबल, मॉनिटर, स्विचबोर्ड आणि एसी काढलेलं रेखाटन मागा आणि मुख्य फुलं जमिनीपासून ३ ते ७ फुटांच्या पट्ट्यात आणून घ्या. म्युरल पाठीमागे असेल आणि व्हिडिओ कॉलमध्ये दिसणार असेल, तर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण ४ फुटांवर येतं हे धरा. तिथे पानांचा गडद भाग हवा, नेमकं तिथेच पांढरं फूल आलं तर चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. कॅमेऱ्यासाठी मोठी फुलं बारीक बुट्टीपेक्षा चांगली: बारीक, दाट नक्षी व्हिडिओत थरथरते, दीड फुटी पिओनी स्थिर राहते.

कागद आणि शाई

नॉन-वोव्हन म्हणजे सेल्युलोज आणि पॉलिस्टरचे तंतू दाबून केलेला ताव. ओला झाला तरी तो फुगत नाही, म्हणून पेस्ट थेट भिंतीला लावता येते आणि कागद भिजवत ठेवावा लागत नाही. साधा कागद पेस्टने रुंदावतो आणि वाळताना आक्रसतो. पाच पट्ट्यांवर फूल जुळवताना हा मिलिमीटरचा खेळ जीव खातो. शिवाय नॉन-वोव्हनमधून भिंतीतली थोडीफार वाफ बाहेर पडते. विनाइलमधून पडत नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईत विनाइलच्या मागे बुरशीचे काळे ठिपके येतात ते यामुळेच.

शाई लेटेक्स की इको-सॉल्व्हंट, हे विचारा. लेटेक्स पाण्यावर आधारलेली, वास जवळजवळ नाही. इको-सॉल्व्हंट रासायनिक द्रावकावर आधारलेली, तिचा वास बंद खोलीत काही दिवस रेंगाळतो आणि दार लावून आठ तास बसायच्या खोलीत तो त्रासदायक ठरतो. तीच घ्यावी लागली तर छापलेल्या पट्ट्या दोन दिवस मोकळ्या ठेवून मग गुंडाळायला सांगा. पृष्ठभाग मॅटच हवा. चकचकीत पृष्ठभागावर खिडकी आणि ट्यूबलाइट उमटते आणि गडद चित्राचा जीवच जातो.

भिंत

पश्चिमेची किंवा दक्षिणेची बाहेरची भिंत टाळा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस तिथेच झोडपतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही नको. शंका असेल तर दोन फुटी प्लास्टिकचा ताव चारही कडांनी टेप लावून भिंतीवर ४८ तास ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर आधी ओल काढा, म्युरल नंतर. नवा गिलावा किमान २८ दिवस वाळायला हवा, कारण सिमेंटचा खार पुट्टीतून वर येऊन शाईचे रंग बदलतो.

जुना रंग कुठला, हे ओला स्पंज घासून बघा. हाताला पांढरं लागलं तर तो डिस्टेंपर. त्यावर चिकटवलेलं म्युरल भिंतीला नव्हे, भुकटीला चिकटतं आणि काही महिन्यांत सांध्यांपासून सुटतं. डिस्टेंपर खरवडूनच काढावा लागतो. प्लास्टिक इमल्शन चालतं, फक्त १२० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चमक मोडा. मग खड्ड्यांत लांबी (भरावाची लुकण) भरा, घासा, आणि रात्री दिवा बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. रोलरचे संत्र्याच्या सालीसारखे दाणे, पुट्टी ओढायच्या पत्र्याचे ओरखडे, सगळं त्या उजेडात दिसतं. टेबल लॅम्प लावल्यावर नेमकं हेच म्युरलमधूनही दिसणार असतं.

नुसत्या पुट्टीवर कधीच चिकटवू नका. कोरडी पुट्टी पेस्टमधलं पाणी ओढून घेते, पट्टीच्या कडा आधी वाळतात आणि उचलल्या जातात. वॉटर-बेस्ड ॲक्रिलिक प्रायमरचा एक हात, मग २४ तास. गडद म्युरलसाठी त्या प्रायमरमध्ये स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) घालून तो चित्राच्या पार्श्वभूमीइतका गडद करून घ्या. सबंध कामातली ही सर्वांत मोलाची युक्ती आहे. सांधा अर्धा मिलिमीटर जरी उघडला, तरी मागून पांढरी भिंत चमकत नाही. रंगारी टाळाटाळ करतील. निदान सांधे येतील तिथे दोन-दोन इंचांचे गडद पट्टे तरी मारून घ्या.

लावणं

एमसीबी बंद करा, स्विचबोर्डांच्या बाहेरच्या चौकटी काढा. पाचही पट्ट्या आधी जमिनीवर क्रमाने मांडा आणि शेजारशेजारच्या कडांचा रंग दिवसाच्या उजेडात ताडून बघा. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी न छापल्यास छटा बदलते, आणि भिंतीवर चढल्यावर तक्रारीला अर्थ राहत नाही.

पहिली पट्टी कोपऱ्याच्या भरवशावर लावायची नाही, ओळंब्याच्या रेषेवर लावायची. घराचा कोपरा सरळ असेल असं समजणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. पहिली पट्टी ३ मिलिमीटर कलली तर पाचवीपर्यंत वरचं फूल आणि खालचं पान जुळेनासं होतं.

पेस्ट घट्ट ताकापेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा पातळ हवी. तयार पेस्ट असेल तर आपल्या भिंतीला साधारण २ किलो लागते, अडीच घ्या. एका वेळी एकाच पट्टीपुरती, दोन्ही बाजूंना दोन इंच जास्त. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात ती दहा मिनिटांत साय धरते, तेव्हा काम सकाळी उरकावं. पेस्टमध्ये पांढरा डिंक मिसळायची सवय बऱ्याच कारागिरांना असते. थांबवा. धरतं घट्ट, पण पुढे म्युरल काढताना पुट्टीचे पोपडे सोबत निघतात. शुद्ध पेस्टवर लावलेलं नॉन-वोव्हन कोरडंच, अख्ख्या पट्टीने सोलून निघतं, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. पिष्टमय पेस्ट कसरीला आवडते. पुस्तकांचं कपाट शेजारी असेल तर बुरशी आणि किडीला रोखणारी पेस्ट मागा.

पट्टी वरून खाली सोडा, मऊ ब्रशने मधून कडांकडे हवा काढा. कडा एकमेकींना टेकवायच्या, एकीवर दुसरी चढवायची नाही. विक्रेत्याने चढवून कापायची जागा दिली असेल तर दोन्ही थर एकाच वेळी, पोलादी पट्टीला धरून, नव्या ब्लेडने कापा. प्रत्येक कापाला ब्लेडचं नवं टोक. बोथट ब्लेड ओला कागद कापत नाही, फाडतं. सांध्यावर कठीण रोलर जोरात फिरवू नका. मॅट छपाई घासून तिथे चकाकणारी उभी रेघ उमटते आणि ती कशानेच जात नाही. पुढून पेस्ट लागली तर ओल्या स्वच्छ स्पंजने लगेच टिपा. चोळू नका, वाळू देऊ नका. गडद पार्श्वभूमीवर वाळलेली पेस्ट गोगलगाय फिरल्यासारखी दिसते.

स्विचबोर्डावर फुलीसारखा छेद द्या, चौकटीच्या आत ५ मिलिमीटर राहील एवढं ठेवून कापा. खाली स्कर्टिंगपासून २ मिलिमीटर वर थांबा आणि ती फट ॲक्रिलिक सीलंटने भरा, नाहीतर रोजच्या पुसण्याचं पाणी कागद शोषून घेतो आणि तळ काळवंडतो.

आता सर्वांत अवघड भाग: काही न करणं. ४८ तास पंखा, एसी बंद, खिडक्या लावलेल्या. कौतुकाने पंखा पाचवर लावून बसलं की कडा आधी वाळून आक्रसतात आणि सांधे उघडतात. लहान बुडबुडे पहिल्या २४ तासांत आपोआप बसतात. रुपयाच्या नाण्याहून मोठा राहिला, तर पाकळीच्या रेषेवर सुईने भोक पाडून सिरिंजने थोडी पेस्ट सोडा. सांध्यात पांढरी रेघ दिसलीच, तर जुळत्या छटेच्या वॉटरकलर पेन्सिलीने फक्त कडेला रंगवा.

कुणी घ्यावं, कुणी नाही

दोन माणसं आणि अर्धा दिवस, एवढं हे काम. भिंतीची तयारी मात्र चार ते पाच दिवस खाते, आणि विक्रेते सांगतात त्या खर्चात ती बहुधा धरलेली नसते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हात लावू नका. भाड्याच्या घरात सोलून चिकटवायच्या विनाइलचा मोह होतो, पण काढताना त्याच्यासोबत पुट्टीचे पापुद्रे निघतात आणि घरमालकाकडची अनामत रक्कम त्यात जाते. त्याऐवजी ६ मिलिमीटरच्या प्लायवर नॉन-वोव्हन लावून तो प्लाय टेबलामागे उभा करा, घर बदलताना सोबत नेता येतो. दुपारचं थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर छपाईचे रंग कमीजास्त उडतात, तिथे पडदा नसेल तर म्युरल नको. आणि नंतर फळी ठोकायची असेल, तर ड्रिल लावण्याआधी त्या जागी ब्लेडने छोटी फुली कापा, नाहीतर फिरत्या बिटाला तंतू गुंडाळून अख्खी पाकळी उचलली जाते.